टिटवी ओरडते म्हणून मी जेवतो

मित्रांनो, मी एक म्हातारा गायबगळा आहे, आणि खरं सांगायचं तर जन्मभर मी फक्त खाल्लं. यात काय सांगण्यासारखं, असं तुम्ही म्हणाल. पण निवांत चार घास खायला मिळणं ही काही साधी गोष्ट नाही. ते मला कुणामुळे मिळाले, तेवढंच आज सांगायचं आहे.

नाईल नदी समुद्राला मिळते त्या सपाट मुलखात, कालव्याकाठच्या तुतीच्या झाडावर माझा जन्म झाला. पंख फुटले तशी आई मला रदवान नावाच्या शेतकऱ्याच्या बरसीमच्या शेतात घेऊन गेली. बरसीम म्हणजे गुराढोरांचा हिरवा चारा. रदवानकडे तेवढंच शेत आणि एकच म्हैस. तिच्या दुधातुपावर त्याचं घर चालायचं.

तिकडे आम्हा बगळ्यांना शेतकऱ्याचे मित्र म्हणतात. आम्हाला कुणी खडा मारत नाही. मीही मैत्रीला जागलो. अळी असो, नाकतोडा असो, कुणालाच नाही म्हटलं नाही!

पाण्याची पाळी आली की खरी मजा. वाफ्यात पाणी शिरलं की किडे जीव मुठीत धरून वर येत आणि आमची पंगत बसे. पुढे आम्ही बगळे. आमच्या पायांनी उडालेले बारीक किडे टिपायला मागे शेपटी हलवत परीट पक्षी. ओल्या मातीत लांब चोच खुपसणारा हुदहुद एका कडेला. आणि बांधाजवळ टिटवी नि तिचा नवरा. टिटवीही खाई, पण तिची तऱ्हाच निराळी. चार पावलं धावायची, थांबायची, सगळीकडे बघायची, मग एक घास. कालव्याकाठी उंच वाढलेल्या बोरूच्या गवतात रानमांजर दबा धरून असे. ते नुसतं हललं तरी टिटवी असा गलका करी की अख्खी पंगत हवेत. कुत्रं दिसल्यावरची तिची ओरड वेगळी आणि मांजर दिसल्यावरची वेगळी. परीटाला तसं ओरडता येत नाही, पण कळतं सगळं. कुत्र्याची ओरड असेल तर मी तोंडातला घास सोडत नसे.

रदवान माणूस लाखमोलाचा, पण दुपारच्या झोपेचा भारी शौकीन. बांधावरच्या कोरड्या जागेत चटई टाकून तो आडवा व्हायचा. एका वसंतात टिटवीला नेमकी तीच जागा अंडी घालायला आवडली. मग काय! त्याचा डोळा लागला रे लागला की ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागे.

"या तोंडाला काही विसावा? हिच्यापेक्षा माझी सासू परवडली!" रदवान करवादला.

त्याची बायको, नगात, बरसीम कापत होती. विळा न थांबवता ती म्हणाली, "आई असती ना, तर तुम्हाला झोपूच दिलं नसतं."

चिडून रदवान उठला आणि टिटवीवर ढेकळं भिरकावू लागला. पुढे रोजच हा उद्योग. आम्हाला मात्र म्हणायचा, "तुम्ही बसा रे पोरांनो, तुम्ही घरचेच." शेवटी टिटवी नवऱ्याला घेऊन शेजारच्या बयूमीच्या शेतात गेली आणि रदवान मनसोक्त घोरू लागला.

पंगत आमची चालूच होती, पण जेवणात राम राहिला नाही. एक किडा टिपला की मान वर, दुसरा टिपला की पुन्हा मान वर. पोट अर्धंच भरे. परीट तर येताच उडून जाई. एका सकाळी माझी धाकटी बहीण जरा जास्त वेळ वाकून राहिली. बोरूतून मांजर आलं, आणि ओरडायला कुणीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो, अजूनही वाटतं. त्या दिवसानंतर आम्ही सगळेच बयूमीकडे जाऊ लागलो.

इकडे रदवानच्या शेतात अळी माजली. हिरव्यागार वाफ्यांना टक्कल पडू लागलं. नगात अर्धाच भारा घेऊन घरी जाई आणि म्हैस रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभी राही.

"पुढच्या बाजाराला म्हैस न्यावी लागणार," एके दिवशी रदवान खालच्या आवाजात म्हणाला.

"बाजारात आधी तुम्ही उभे राहा, मग म्हशीचं बघू," नगात म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरून आले होते.

"आणि हे बगळे कुठे उलथलेत? बयूमीच्या घरचं मीठ जास्त गोड लागतं वाटतं!"

नगात बांधावर बसून आमच्याकडे बघत राहिली. टिटवी उतरली की मागोमाग आम्ही उतरत होतो, ती ओरडली की आम्हीही उडत होतो. बघता बघता ती ताडकन उठली.

"अहो अबू हिलाल," लेकाच्या नावाने नवऱ्याला हाक मारत ती म्हणाली, "तुमचे हे मित्र त्या टिटवीच्या भरवशावर जेवतात. तुम्ही जेवणारे ठेवलेत आणि राखणदार हाकलून दिलात!"

"म्हणजे आता त्या कर्कशेला आमंत्रण धाडू?"

"तुम्हाला झोप हवी का म्हैस?"

रदवानने चटई गुंडाळली, फावडं घेतलं आणि ती कोरडी जागा उंच करून भोवती मातीचा वरंबा घातला, म्हणजे पाळीचं पाणी आत शिरू नये. टिटवी लगेच आली नाही. का येईल? ढेकळं कुणी विसरतं होय! पण बयूमीने शेतात नांगर घातला आणि तिला दुसरी जागा उरली नाही. एका सकाळी ती त्या उंचवट्यावर उतरली. मागून परीट आला, हुदहुद आला, आणि अर्थातच मी. अहाहा! त्या दिवशी मी जी मान खाली घातली ती गळ्यापर्यंत पोट भरल्यावरच वर काढली. हळूहळू बरसीम पुन्हा दाटला. म्हैस गोठ्यातच राहिली.

रदवान आता दुसऱ्या बांधावर झोपतो. मांजराची ओरड झाली की झोपेतही काठी घेऊन बोरूकडे धावतो, आणि कुत्र्याची असली की कूस बदलून घोरतो. नगात त्याला म्हणते, "तुम्हीही पाखरांतलेच झालात की!"

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. टिटवीने तुमच्या रानात, मैदानात कुठे अंडी घातली तर तेवढी जागा सोडा. ती ओरडेल, तिला ओरडू द्या. माझी बहीण काही परत येणार नाही. पण तिची लेकरं आत्ता माझ्याशेजारीच चरत आहेत, आणि कितीतरी वेळ झाला, त्यांनी मान वर केलेली नाही.