स्टुलापर्यंतची हवा

लाल ठिपका... पंख्याखाली क्षणभर अडला, डगमगला आणि कुणी हाताला धरून न्यावं तसा भिंतीकडे वळला. त्याच्यामागून बाकीचे, हजारो. पडद्यावर खोकल्याची एकच उबळ ती पुन्हा पुन्हा सोडत होती, आणि आजवर रिकामी वाटलेल्या हवेत नद्या दिसत होत्या, भोवरे, संथ डोह... खोलीचे तिने लाखो बारीक घन पाडले होते. प्रत्येकातल्या हवेचा वेग, तिची ऊब संगणक काढत होता. इस्पितळांच्या अशा कितीतरी खोल्या तिने गणितासारख्या सोडवल्या होत्या. पण या खोलीतल्या खाटेवर बाबा होते.

निजलेल्या माणसाच्या अंगावरून ऊबदार हवा सतत वर चढत असते – हे तिला समीकरणांतून ठाऊक होतं. पण बाबांच्या अंगावरून?... लहानपणी त्यांच्या छातीवर झोपायचे, तेव्हा मी त्या हवेतच झोपत होते की! पडद्यावर ती हवा आताही चढत होती. पंखा तिला खाली दाबत होता, आणि ठिपके भिंतीवरून उतरून पायथ्याच्या स्टुलापाशी जमत होते. त्या स्टुलावर दिवसभर आई बसते.

दुपारी ती बाबांच्या खोलीत गेली तर आईचा मास्क हनुवटीवर.

"आई, मास्क वर घे आधी. आणि स्टूल खिडकीपाशी ने."

"तिथून त्यांना माझे ओठ दिसत नाहीत गं. कान तर केव्हाच गेले, ओठ बघूनच कळतं त्यांना."

"अगं, त्यांचा खोकला सरळ तुझ्याकडे येतो. मी पाहिलंय."

"हवा पाहिलीस?" आईला हसू फुटलं. "कशी दिसते?"

तिने सिस्टरला विचारून पंखा बंद केला, हवा बाहेर जाण्याची छताजवळची झडप उघडली. सकाळी पडद्यावर हेही करून पाहिलं होतं – बहुतेक ठिपके बाबांच्याच उबेबरोबर वर निघून जात होते. बहुतेक. सगळे नाहीत, सगळे कधीच जात नाहीत...

"पंखा का बंद केला?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या लेकीला विचारा," आई नुसत्या ओठांनी म्हणाली, आणि बाबा हसले.

आईला पुन्हा मास्क लाव म्हणायला हवं होतं. ते ओठांवर आलंही. पण खाट आणि स्टूल यांच्यामध्ये हातभर जागा होती, तिथे काहीच दिसत नव्हतं, आणि ती जागा त्या दोघांच्या बोलण्याने इतकी भरलेली होती की... भीती होतीच, तसूभरही कमी नव्हती. तरी त्या दोघांच्या मधून पलीकडे जायला तिचा पाय उचलेना.