सतरा नंबरची विश्रांती

"आज किती जणांची नाकं कापलीत, ताई?" डॉक्टरीणबाईंनी दारातूनच विचारलं.

"नऊ. कान वेगळे," पडद्यावरची नजर न हलवता ताई म्हणाल्या.

मेंदूच्या त्या संशोधन केंद्रात हा विनोद रोजचा होता, आणि काम खरंच तसं होतं. बावीस वर्षांपूर्वी बेचाळीस धडधाकट माणसांना यंत्रात निजवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले होते. ते आता जगभरच्या संशोधकांसाठी इंटरनेटवर खुले करायचे होते. पण मेंदूबरोबर चेहराही उमटतो आणि त्यावरून माणूस ओळखता येतो. म्हणून ताई आधी प्रत्येकाचं नाक, ओठ, कान पुसत. मग माहितीचा तक्ता भरत: वय, डावखुरा की उजवा, यंत्रात काय करत होता. "लिहिलं नाही तर सापडणार नाही, आणि सापडलं नाही तर असून नसल्यासारखं," हे त्यांचं पालुपद. संमतीसाठी फोनही त्याच करत. त्या माणसाने, किंवा तो हयात नसला तर घरच्यांनी, कां-कूं केलं तरी ताई इतक्या मायेने बोलत, की समोरचा सहीला तयार होई. एकेचाळीस सह्या झाल्या होत्या.

"सतरा नंबरचा कागद दिसत नाही," ताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "तो मी बाजूला ठेवलाय. सही तुमची लागेल."

ताईंचे हात थांबले. त्यांचे यजमान याच केंद्रात सुतार होते. माणसं कमी पडली तेव्हा हातातला रंधा ठेवून यंत्रात जाऊन निजले होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. कधी ना कधी हा कागद समोर येणार, हे ताई जाणून होत्या.

"नाही केलीत तरी काही अडत नाही हो. एकदा बाहेर गेलं की परत मागता येत नाही. तुम्हीच सगळ्यांना सांगता ना ते?"

"दाखवा तरी."

पडद्यावर एक राखाडी चेहरा हळूहळू वळला. डोळे मिटलेले, नाक जरासं डावीकडे झुकलेलं. मग डॉक्टरीणबाईंनी चित्र चेहऱ्याच्या आत नेलं. वळ्या-वळ्यांची ती गच्च घडी, आणि तिच्यात कुठे कुठे उजळणारे, विझणारे ठिपके.

"हे काय चमकतंय?"

"रक्त धावतंय. मेंदूचा जो भाग कामात असतो, तिथं जास्त. खरं तर यांना नुसतं पडून राहायला सांगितलं होतं."

ताईंना हसू आलं. "हे आणि नुसते पडून राहणार? घरी येऊन म्हणाले, त्या यंत्राच्या ठोकाठोकीत विश्रांती कसली घेतो, मी आपलं मनातल्या मनात कपाट केलं. चार कप्पे झाले, दाराला बिजागऱ्या लावत होतो, तेवढ्यात बाहेर ओढलं मेल्यांनी."

डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांकडे पाहिलं, मग ताईंकडे. "म्हणजे हे..."

"ते कपाट आहे."

ताई नकळत उठून उभ्या राहिल्या. माणूस गेला, त्याचे हात गेले, आणि यंत्रातल्या त्या वीस मिनिटांत त्याच्या मनात आलेलं लाकूड अजून इथे उजळत होतं.

"तक्त्यात 'विश्रांती' लिहिलंय," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

ही गोष्ट ताईंनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. एवढं एकच त्यांच्या एकटीचं होतं. एकेचाळीस घरांना त्यांनी किती सहज पटवलं होतं! आता स्वतःला पटवायला शब्द सुचेना. कागद दुपारभर तसाच पडून राहिला. केंद्र बंद व्हायच्या सुमारास त्यांनी सही केली.

"चेहऱ्याचं दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ?"

"माझं काम आहे ते."

त्यांनी बटण दाबलं. कपाळाखाली गुळगुळीत पोकळी उरली. मग 'विश्रांती' हा शब्द पुसून त्यांनी लिहिलं: 'मनात लाकडी कपाट बनवत होता. चार कप्पे झाले. दार लावताना थांबवलं.'

महिन्याभराने समुद्रापलीकडून एका अनोळखी संशोधकाचं पत्र आलं. मन हातांचं काम कसं करतं, हे तो शोधत होता. हजारो स्कॅन धुंडाळले, सगळीकडे नुसती 'विश्रांती'. काय करत होता हे सांगणारा हा एकच माणूस सापडला. त्यांना आणखी काही विचारता येईल का?

ताईंनी 'नाही' असं टाइप केलं. त्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पुढे लिहिलं, 'मला विचारा.'