विहिरीकडचा बांध

आष्ट्याचा रिटायर हवालदार नानासो बायकोला रॉस बेट दाखवीन असं वर्षानुवर्षं सांगत आला होता, आणि दर हिवाळ्यात साखर कारखान्याची ऊसतोड आडवी येत होती. टोळी रानात आली की ठरलेली सहल पुन्हा पुढच्या साली जायची. या जानेवारीत मात्र बयाबाईच अडून बसली. ऊस पुतण्या धनाजी बघेल, गुडघे चालतात तोवर जाऊन येऊ, म्हणाली.

सांगलीच्या एका टूरवाल्याबरोबर दोघं अंदमानला गेली. पोर्ट ब्लेअरहून लाँच निघाली तसा नानासो तरण्या गड्यासारखा कठड्याशी उभा राहिला. ऐन पंचविशीत त्याची पलटण इथं होती.

बेटावर वडाच्या मुळ्यांनी पडक्या भिंती आवळून धरल्या होत्या. गाइड हिंदीत सांगत होता. काळ्या पाण्याच्या कैद्यांनीच इथलं जंगल तोडलं, विटा वाहिल्या आणि त्यांच्यावर राज्य करणाऱ्या साहेबांसाठी नाचघर, पावाची भट्टी, चर्च उभं केलं. नानासो मध्येच आपली भर घालत होता. टूरमधली माधवनगरची एक बाई म्हणाली, "हवालदारसाहेब, ही पोस्टिंग होती का सासुरवाडी?" सगळे हसले. बयाबाई तेवढी हसली नाही. थकली असेल, असं त्याला वाटलं.

पुढं इंग्रजांचं कबरस्तान लागलं. एका लहानशा दगडापाशी बयाबाई थांबली आणि काय लिहिलंय म्हणून तिनं विचारलं. नानासोनं अक्षरं लावली. तान्हं मूल होतं, तापानं गेलेलं. खाली आईबापाची नावं होती.

बयाबाई खाली बसली आणि पदरानं दगडावरचं शेवाळ पुसू लागली.

त्यांचं पहिलं पोरगंही असंच तान्हेपणी तापानं गेलं होतं. नानासो तेव्हा इथं पहाऱ्यावर होता. तार उशिरा मिळाली, रजा त्याहून उशिरा. दिवाळीत तो घरी पोचला तर कुणी त्या पोराचं नावही काढेना. तान्ह्या मुलाला पुरतात ती जागा आईला दाखवायची नसते, आईचा जीव तिथंच घुटमळतो, कूस पुन्हा उजवत नाही, असं घरात मानत. नानासोच्या बापानं विचारू नको म्हणून त्याला बजावलं. नानासोनं विचारलं नाही.

"आवं, तुमी कवाच इच्यारलं न्हाई," बयाबाई दगडाकडं बघतच म्हणाली. "त्याला कुठं ठेवलं ते."

नानासो तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"विहिरीकडच्या बांधाला. करंजाच्या बुडात. म्या लपून बघितलं हुतं."

त्याच दिवाळीच्या रजेत, हात रिकामे राहिले की जीव घाबरा होतो म्हणून, नानासोनं तो बांध फोडला होता. करंज तोडला, बुडका उपटला, दोन तुकड्यांचं एक रान केलं आणि त्यात ऊस लावला. गावानं फौजीची वाहवा केली. बयाबाईला त्यानं हौसेनं रान बघायला नेलं होतं. बांध फुटत असताना ती पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

"तवा अडवायचं न्हाई व्हय गं?"

"मामंजी उभं हुतं की. आन तुमी... लय दिसांनी हसत हुता."

लाँचचा भोंगा वाजला. माणसं धक्क्याकडं वळली. तेवढ्यात नानासोचा फोन वाजला. धनाजी होता. टोळी सकाळीच आली, ऊस तोडून झाला, आता ट्रॅक्टर विहिरीकडनं आत घेतो, म्हणाला.

"तिकडनं चाक घालू नको," नानासो म्हणाला.

का, म्हणून धनाजीनं विचारलं. दुसरी वाटच नव्हती. निदान नेमकं कुठून घालायचं नाही ते तरी सांगा, आपण तेवढं चुकवून काढू, म्हणाला.

नानासोनं फोन छातीशी धरला. किती वर्षं नांगर फिरला होता तिथं, किती लागणी झाल्या होत्या. सगळ्या सऱ्या एकसारख्या.

"बया, नेमकं कुठं गं?"

तिनं दगडावरचा हात काढला नाही.

"बांध असता तर सांगितलं असतं," ती म्हणाली.

छातीशी धरलेल्या फोनमधून धनाजी विचारत होता, "काका, घेऊ का आत?"