पहाऱ्याचं वेळापत्रक

अकरा वाजले, तरी थोरलीच्या मुठीतला फोन गप्पच. ती बसली होती शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर. आत धाकटी, तिची पाठची बहीण. रक्त लागणार, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. धाकटीसाठी जुळवून ठेवलेल्या पिशव्या कुठल्या कप्प्यात आहेत, हे रक्तपेढीला दाखवणारा सर्व्हर थोरलीच्याच देखरेखीखालचा.

दर पाच मिनिटांनी त्याची नाडी पाहायचं वेळापत्रक तिनेच लावलेलं. बिघडलं तरच फोनवर निरोप यायचा. सासरहून निरोप नाही म्हणजे लेक सुखात, तसंच हे. काल रजेच्या घाईत तिनं जुनं मशीन काढलं आणि त्यावरची ती तपासणी उचलून ठेवली... कुठे?

त्याच सर्व्हरवर.

तिनं ऑफिसात काकांना फोन लावला. नात्यानं कुणी नव्हेत. वयानं थोर म्हणून सगळ्यांचेच काका. रजेतही चैन नाही का तुला, म्हणून त्यांनी आधी चिडवलं. मग तिचं ऐकून म्हणाले, "अगं बये, म्हणजे आजाऱ्यालाच सांगून ठेवलंस, मेलास तर कळव म्हणून?" आणि ती कुठून बोलतेय हे आठवून त्यांनी जीभ चावली. पाहून सांगितलं: वीस मिनिटं झाली, बंद आहे. उठवतो.

थोरली जिने उतरली, पायऱ्या न मोजता. रक्तपेढीतल्या ताई शीतकपाटासमोर गुडघे टेकून एकेक पिशवीवरचा क्रमांक वाचत होत्या.

"संगणकाचा पडदा मघाच काळा झाला," त्या मान न वळवता म्हणाल्या. "म्हटलं, तुम्हाला कळलंच असेल."

थोरलीनं कपाटाचं दार धरून ठेवलं. वरून दुसऱ्यांदा विचारणा झाली. खालच्या कप्प्यात, अगदी मागे, पिशव्या सापडल्या. ताईंनी क्रमांक दोनदा पडताळला आणि त्या स्वतःच पिशव्या घेऊन धावल्या.

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. धाकटी सावरली होती. "पण रक्ताला उशीर झाला. तेवढ्यात दाब फार खाली गेला होता तिचा. खाली कुणाची चूक झाली, ते विचारणारच आहे मी."

थोरली बाकावरून उठली.

"खाली नका विचारू," ती म्हणाली. "मला विचारा."