ठकी आत्याचा वाटा

ठकी आत्याची बोटं उघडली. आत वळून बसलेली, सकाळी चहाचा कप न धरणारी बोटं चैत्रात सरळ झाली आणि तिने आपला बुचडा आपल्या हातांनी बांधला.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. ठकी आत्या अभ्यासात नव्हती, आणि जी बाई अभ्यासात नाही तिची बोटं उघडत नाहीत. हे माझं मत नाही, कंपनीचं आहे. मी फक्त कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालायचो.

मी हरेश. आमची वाडी पोशीर गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून बसलेली. वाडीतला पहिला बी.एस्सी. मी. म्हणून कुंभिवलीजवळ हायवेला लागून असलेल्या दवाखान्यात संधिवाताच्या नव्या गोळीचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा त्यांनी मला समन्वयक केलं. समन्वयक म्हणजे डॉक्टरांचं बोलणं वाडीला समजावून सांगायचं आणि वाडीचं बोलणं डॉक्टरांना कळू द्यायचं नाही.

सांधे धरलेली माणसं आमच्याकडे भरपूर निघाली. कंपनीला फार आनंद झाला. डॉक्टर भाविका मॅडम स्वतः वाडीत आल्या आणि समाजमंदिरात सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं, की शरीराची राखण करणारी एक फौज असते. या आजारात ती फौज आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. ही गोळी त्या फौजेला निजवते. पण अर्ध्या डब्यांत खरी गोळी आहे आणि अर्ध्यांत तशीच दिसणारी, बिनऔषधाची. कुणाला कुठली मिळाली ते रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही.

बुधाजीबाबा पुढे सरकले. वाडीत जे काही येईल त्याचे वाटे पाडायचा मान त्यांचा.

"मंग म्हाईत कोणाला हाय?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरला," मॅडम म्हणाल्या.

"त्याचं बी गुडघं दुखतात का?"

मॅडम हसल्या. बाबा हसले नाहीत. "म्हंजे अर्ध्या लोकांना तुमी जाणूनबुजून पीठ चारणार."

मी म्हणालो, "बाबा, त्याला विज्ञान म्हणतात."

"आमी त्याला दुसरं कायतरी म्हणतो," बाबा म्हणाले आणि अंगठा उठवला.

ठकी आत्याला मात्र तपासणीतच बाहेर काढलं. तिच्या रक्तात टीबीची खूण सापडली. म्हणजे जंतू आत होते, पण निजलेले. फौज निजली की ते उठणार. आत्याने दोन्ही हात मॅडमच्या टेबलावर ठेवले.

"ह्याच्यापेक्षा वाकडा हात दाखवा, मंग मला नाय म्हणा."

मॅडमना दाखवता आला नाही. तरी त्या नाही म्हणाल्या.

आमच्या वाडीत वाटे पडतात. नदीचे मासे आले, वाटे. खेकडे, मध, वाटे. जो गेला त्याला, जो घरी राहिला त्याला, आणि सोबत गेलेल्या कुत्र्यालाही. हे मला जन्मापासून माहीत होतं, पण बी.एस्सी.ला असताना कुणी विचारलं नव्हतं. डब्या वाडीत पोचल्या त्याच दिवशी बाबांनी सगळ्या सुपात ओतल्या, हाताने कालवल्या आणि घरटी वाटे पाडले. त्यांचं गणित सोपं होतं. अर्ध्यांना सगळं औषध आणि अर्ध्यांना नुसतं पीठ मिळण्यापेक्षा सगळ्यांना थोडं औषध आणि थोडं पीठ. फक्त पोरांना वाटा नव्हता, कारण त्यांचे सांधे नवे.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी नेरळला खोली घेऊन राहायचो आणि महिन्याच्या महिन्याला रिकाम्या डब्या गोळा करायचो. बाकीच्या गावांतले रुग्ण गोळ्या विसरत, सांडत, जावयाला देत. आमच्या वाडीची एकही गोळी कधी उरली नाही. मुंबईहून फोन आला की तुमची वाडी म्हणजे आदर्श आहे.

त्याच सुमारास मला तलाठी धावताना दिसला. तलाठी म्हणजे वाडीचा कुत्रा; बोलावलं की येत नाही म्हणून ते नाव. तो मागचा पाय ओढत चालायचा. त्या दिवशी तो कोंबडीच्या मागे असा सुटला की कोंबडी समाजमंदिराच्या पत्र्यावर गेली.

"बाबा, ह्याला काय चारलं?"

"त्याचा वाटा," बाबा म्हणाले. मग मला सूप दाखवलं.

समोरून ठकी आत्या डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन आली. करवंदं तिने स्वतः खुडली होती. मी कुणाला काही सांगितलं नाही. आत्याचे हात बघितल्यावर तुम्हीही सांगितलं नसतं.

आधी तलाठी गेला. अंगावर फोड आले, ते चिघळले, आणि एका दुपारी तो कोंबडीशेजारीच निजला. कोंबडी उठली, तो उठला नाही. "म्हातारा व्हता," बाबा म्हणाले. तो माझ्या शेवटच्या परीक्षेनंतर जन्मला होता.

मग आत्या खोकू लागली.

श्रावणात गेलो तेव्हा ती चुलीपुढे तांदळाच्या भाकरी थापत होती. हात झरझर चालत होते, आणि प्रत्येक थापेला बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"आत्या, चल मॅडमकडे."

"कशाला रं? सर्दी हाय."

"दोन महिने?"

"मोठी हाय सर्दी."

"रोज संध्याकाळी ताप येतो म्हणे."

"तो सांगून येतो, वेळेवर येतो. तुज्यासारका नाय."

"निदान गोळ्या तरी बंद कर."

आत्याने थापायची थांबून पिठाचा हात माझ्यापुढे धरला. बोटं पसरली, मिटली, परत पसरली. "हे बघ. ह्या साली कोणाला 'पाटी उचलून दे' म्हणले नाय. कोणाला 'बुचडा बांध गं' म्हणले नाय. तू बोललास तर माज्या एकटीच्या नाय, सगळ्या वाडीच्या गोळ्या जातील. मी खोकते, त्यात वाडीचं काय जातं?"

पावसात सगळ्यात कोरडं घर तिचं, म्हणून अर्धी वाडी तिथेच टेकलेली असायची. त्यांच्या सगळ्यांच्या फौजा निजलेल्या. आत्या पुन्हा खोकली, लांबलचक. तिला ऐसपैस बसता यावं म्हणून सगळे एकमेकांच्या आणखी जवळ सरकले. बाबांनी तिच्या हातची गरम भाकरी घेतली, मोडली, आणि वाटे पाडले.

मी उठलो. मिळेल त्या टेंपोने कुंभिवलीला गेलो आणि भाविका मॅडमना सगळं सांगितलं. शेजारच्या टायरच्या दुकानात कुणीतरी हातोडा मारत होतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

"किती जण घेतात गोळ्या?"

"पोरं सोडून सगळे."

"पोरं का सोडली?"

"त्यांचे सांधे नवे आहेत."

मॅडमनी डोळे मिटले. "ठकीबाईंच्या घरात रात्री कोण कोण झोपतं?"

"कोण नाही ते विचारा, लवकर होईल."

हातोडा थांबला. मॅडमनी हळूच विचारलं, "आणि पोरं?"

"पोरं तिच्या कुशीत असतात."

आत्याच्या थुंकीत टीबी निघाला. गोळ्या त्याच दिवशी बंद. वाडी माझ्याशी बोलेनाशी झाली. बाबा तेवढे बोलले, "बरं केलंस. आता तुजाबी वाटा संपला." आत्याला सरकारी टीबीचं औषध सुरू झालं आणि कर्जतला खाट मिळाली. मॅडमनी कंपनीला कळवलं, की गोळ्या सगळ्या वाडीने खाल्ल्या आहेत, तेव्हा सगळ्या वाडीची छाती तपासा, पोरांसकट, आजच.

कंपनीचं उत्तर नम्र होतं. ठकी नावाच्या महिलेस रुग्ण क्रमांक नाही, म्हणून तिने आमचं औषध घेतलेलं नाही, म्हणून हा आमच्या औषधाचा परिणाम नाही. ज्यांना क्रमांक होते त्यांनी नियम मोडला, म्हणून त्यांचेही क्रमांक रद्द. थोडक्यात, वाडीत अभ्यास झालाच नव्हता. महिन्याभरात दवाखान्यातली ती खोली बंद झाली. मॅडमना दुसऱ्या राज्यातल्या केंद्रावर पाठवलं. माझं ओळखपत्र कंपनीने परत मागून घेतलं.

काल आत्याला भेटून आलो. तिची बोटं पुन्हा आत वळायला लागली आहेत. पाणी मी पाजलं. ती म्हणाली, "बाबा कसं हायत?" मी म्हणालो, "बरे आहेत." बाबा परवापासून खोकतात. दशरथची बायको वनिता खोकते. तिच्या मांडीवरचं पोर अजून फक्त शिंकतं.

आज वाडीने मला पुन्हा बोलावून घेतलं, कारण कंपनीला अर्ज लिहिणारा दुसरा कुणी नाही. बाबा थांबत थांबत सांगत गेले, मी शुद्ध करत गेलो. तो असा:

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या वाडीत खाणे, झोपणे व खोकणे सामाईक असल्याने आम्हांस वेगवेगळे क्रमांक देण्यात आपल्याकडून चूक झालेली आहे. तरी सदर संपूर्ण वाडी, लहान मुलांसह व कर्जत येथे दाखल असलेल्या श्रीमती ठकी यांच्यासह, हा एकच रुग्ण आहे असे मानण्यात यावे. त्यास पूर्वलक्षी प्रभावाने एक क्रमांक देण्यात यावा. आणि सदर रुग्णाची छाती, तो जिवंत असेपर्यंत, तपासून मिळावी, ही विनंती.