विहीणबाईची खाट अन् आमचा ब्रेक

माणूस गाडी घेतो तर चालते का हे पाहून घेतो. थांबते का, हे कोणी पाहतच नाही. आमच्या ह्यांनी तर नाहीच पाह्यलं.

आमचं नंदनवन वस्तीत बिछायत केंद्र. लग्नाले मांडव, सतरंज्या, स्वयंपाकाची गंज-बगोणी भाड्यानं देतो. ह्यांचं नाव रुपराव. नाव घेतलं म्हणून हसू नका, गोष्ट सांगाची म्हणजे घ्यावंच लागते. त्र्याहत्तर साली ह्यांनी एका वकिलाची जुनी अँबेसिडर उचलून आणली. पडदे लावले, तीन आवाजाचा भोंगा लावला. ब्रेकचं विचारलं तर म्हणे, "भोंगा वाजला का लोक आपोआप बाजूले होतात. ब्रेक कायले पायजे?" गाडी थांबवाची ह्यांची रीतच न्यारी. घर दूर असतानाच, पार पिठाच्या गिरणीपासून, ब्रेकवर पाय मारणं सुरू. मारून मारून गाडी फाटकापाशी कशीबशी उभी राहे. नाहीच राह्यली तर शेजारचे दादाजी चाकापुढं दगड टाकत. ह्याले हे 'अंदाज' म्हणत.

हा अंदाज भिवापुरात चुकला. आमची पोरगी सुमती तिथं देली. लग्नानंतर मांडवपरतणीले पोरीले आणाले हे गेले, तर गाडी व्याह्यांच्या दारात थांबलीच नाही. आंगणात मिरची वाळत होती. भिवापूरची मिरची, सांगा आता! गाडी तिच्यातून सरळ निघाली अन् बैलाच्या चाऱ्याच्या, कुटाराच्या ढिगात जाऊन शिरली. आख्खी गल्ली शिंकून राह्यली होती, जावई डोळे धुत बसला. विहीणबाई, प्रयागबाई, तवा काहीच बोलली नाही. बोलली वर्षानं, जवा सुमतीले सातवा सरला अन् पह्यल्या बाळंतपणाले तिले आणतो म्हणून मी निरोप धाडला.

उलटा निरोप आला. "त्या गाडीत सून बसणार नाही. एसटीत हाडं खिळखिळी होतात, अन् परक्या टॅक्सीवाल्याचा मले भरवसा नाही. बाळंतपण इथंच होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पह्यलं बाळंतपण अन् सासरी? पोरगी तिथं कळा देईल अन् मी इथं सतरंज्या झटकत बसू? ह्यांले म्हणलं, "तुमच्या हातानं पोरीचं माहेर तुटून राह्यलं. गाडी थांबती करा, नाही तर मी काडी लावीन तिले!"

मग गेलो जरीपटक्याच्या बाजारात, चंद्रभान शेठच्या टायर-ब्रेकच्या दुकानात. तिथं हे पांढऱ्या पट्ट्याच्या टायरवर भाळले. "काय शोभा येईल, इंदू!"

"नवरी आहे का ते, पाय रंगवाले?" मी म्हणलं. आमचे जुने टायर ह्यांच्या डोक्यासारखे गुळगुळीत झाले होते. मी नव्या टायरच्या नक्षीत बोट घालून पाह्यलं. ज्याच्यात बोट चांगलं खोल गेलं, तो बाजूले काढाले सांगतला.

हे म्हणे, "ब्रेकचे लायनर नवे टाकू. टायर दिवाळीले पाहू."

शेठ हसला. "भाईसाब, ब्रेक तो चक्का रोकता है. गाडी को टायर रोकता है."

मले पटलं. शेवाळावर कितीही पाय रोवा, माणूस घसरतेच. चारही टायर घेतले. मग लायनरचा वाद. एक कडक, वर्षानुवर्षं जाणारे. दुसरे नरम, लवकर झिजणारे पण चाकाले घट्ट धरणारे. ह्यांनी लगेच कडक उचलले. "हे टिकतात."

"टिकाऊ माणूस आहे घरात, तेवढा पुरे झाला. मले धरणारे पायजे."

नरमच घेतले. मिस्त्रीनं बसवून देले, येतो म्हणून निरोप धाडला अन् दुसऱ्या दिवशी आम्ही भिवापूरले निघालो. पण बाप्पा, टायर नवे, लायनर नवे, पाय तर जुनाच होता ना! दूर कुठं बैलगाडी दिसली अन् ह्यांनी सवयीनं पाय मारला. गाडी जागच्या जागी उभी. माझ्या मांडीवरचा लाडवाचा डबा समोरच्या काचेवर जाऊन आपटला. बैलगाडीवाला वळून वळून पाहे, हे काहून थांबले म्हणून. असे आचके खात खात गावात पोचलो.

तिथं पाहतो तर काय! दारासमोर, रस्त्याच्या मधोमध, विहीणबाई खाट टाकून बसलेली. व्याही रामाजी हात बांधून बाजूले, अन् सुमती दारात पोट सावरून.

"माझ्यापाशी आणून थांबवा," विहीणबाई म्हणे. "थांबली तर सून न्या."

"अवं उठा वं बाई, जीव जाईल!" मी खाली उतरून ओरडली. पण ती उठते कायची!

ह्यांनी गाडी मागं नेली, वळवली, आणली अन् पार गल्लीच्या तोंडावरच्या चिंचेपासूनच ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण चिंचेखालीच.

"तिथं मी बसली आहो का?" विहीणबाई तिथूनच म्हणे.

दुसऱ्यांदाही तेच. लोक जमून हसाले लागले. मी ह्यांच्या बाजूले जाऊन बसली. "आता मी म्हणीन तवाच दाबाचा. त्याच्या आधी दाबला तर माझ्याशी गाठ आहे."

चिंच मागं गेली. विहीर गेली.

"इंदू, दाबू?"

"नाही!"

विहीणबाईनं डोळे गच्च मिटले, पण खाट सोडली नाही. मले तिच्या कपाळावरचं गोंदण दिसाले लागलं.

"दाबा!"

गाडी थांबली, खाटीपासून हातभर दूर. विहीणबाईनं डोळे उघडले, टायरकडं पाह्यलं अन् घरात गेली. बाहेर आली तर हातात दोन गाठोडी.

"हे सुनेचं."

"अन् दुसरं?"

"माझं."

मी तिचं गाठोडं चाचपून पाह्यलं. ती म्हणे, "खरं सांगू इंदूबाई? गाडीचं निमित्त होतं. माझ्या घरात पाच मर्द अन् पाचही मुके. पोरगी आली तवापासून घरात बोलणं आहे. इतके दिवस हिच्याबिगर मी कशी राहू? मीबी येते."

घ्या! मी टायरमध्ये बोटं घालघालून पाह्यलं, ते काय विहीण घरी आणाले? डोकं असं फिरलं माझं! पण पोरीसमोर नाही म्हणाले तोंड नोतं. बसा म्हणलं.

परत निघालो. मागच्या सीटवर मधात सुमती, इकडं मी, तिकडं विहीणबाई. उमरेड मागं पडलं अन् पोरगी पेंगाले लागली. मी खांदा पुढं केला. ती दुसरीकडं कलंडली अन् सासूच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली.

मले लय वाईट वाटलं, खोटं कायले बोलू. वर्षभर वाट पाह्यली ते माझ्या पोरीची, अन् झोप हिच्यापाशी. मग पाह्यलं तर विहीणबाई आंग आखडून बसली होती. खांद्याले मुंग्या आल्या असतील, पण पोरीची झोप मोडू नये म्हणून हलत नोती. सासरी असं माणूस भेटलं तर मायनं अजून मागावं काय?

मी डोळे पुसले अन् ह्यांले म्हणलं, "अहो, जराक हळू थांबवत जा. झोपली ती."