चिंधी खोचलेलं रीळ

ताई एक्कावन्न वर्षांची होती, पण चष्म्याचं नाव काढलं की तिच्या नाकाला मिरची झोंबायची. शिवणाच्या दुकानातल्या बाकीच्या जणी मापाची चिठ्ठी वाचायला हात लांब करायच्या आणि ही तोऱ्यात म्हणायची, "मला नाही हो लागत अजून!" चष्मा होता की! दोन वर्षं पर्समध्ये, रुमालात गुंडाळून लपवलेला.

शेजारी मावशी बसायच्या. पासष्टीच्या, काज-बटणं आणि हातशिलाई करणाऱ्या. त्यांनी वयाची कधी लपवाछपवी केली नाही. काळा आणि गडद निळा दोरा डोळ्यांना सारखाच दिसायला लागला, तेव्हा त्यांनी काळ्या रिळाच्या भोकात चिंधी खोचली. बोटाला चिंधी लागली की काळा. ताई त्यावरून सगळ्यांना हसवायची.

मग तो घाईचा काळा कोट आला. मावशी बटणांत अडकलेल्या, म्हणून खालची कड ताईनेच हाताने शिवली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कोट घेऊन परत दारात. उन्हात धरला तर काळ्या कापडावर निळे टाके!

"कुणाचं काम हे?" मालकीणबाई कडाडल्या.

ताईला खरं सांगायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "हातशिलाई मावशींकडेच असते. वय झालंय त्यांचं."

मावशींनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. संध्याकाळी मालकीणबाईंनी त्यांना 'आता घरीच आराम करा' म्हणून सांगितलं.

तीन दिवस ताईला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी काळा दोरा हवा होता आणि तिची बोटं आपोआप चिंधी चाचपायला लागली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की हातातलं काम टाकून ती तडक मावशींच्या घरी गेली.

"मावशी, तो कोट मी बिघडवला."

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाल्या. "माझ्या हाताला चिंधी लागल्याशिवाय मी काळा दोरा ओवतच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सगळ्यांना सांगत सुटलेलीस, चष्मा लागत नाही म्हणून. चारचौघींत तुला खोटं कसं पाडायचं? वाटलं, तूच बोलशील."

ताईला रडू आवरेना. "उद्या मालकीणबाईंना सगळं सांगते. माझी नोकरी गेली तरी चालेल."

"सांग. पण पर्समधला तो चष्मा घालून सांग."

तिने तिथेच रुमाल सोडला आणि चष्मा चढवला. मावशी अगदी जवळ बसल्या होत्या. चार दिवस रडून सुजलेले त्यांचे डोळे तिला आत्ता कुठे दिसले.